जुळ्यांचा बाप

एंटेबेचा फाटा मागे पडला तरी ती मोटारसायकल गाडीची पाठ सोडेना. सेमाकुलाने दोनदा वेग कमी करून तिला पुढे जायला वाट दिली. ती काही पुढे गेली नाही.

"आरशात बघणं बंद कर," शेजारी बसलेली परपेचुआ पुटपुटली. "तोच आहे. पोरींचा बाप."

परपेचुआ म्हणजे अनाथाश्रमाची मुख्य बाई. एरवी बोलायला लागली की चार घरं पलीकडे ऐकू जायचं. आज तिचा आवाज पार घशात गेला होता.

मागच्या सीटवर अमेरिकेहून आलेले वेंडी आणि कर्टिस होते, आणि दोघांच्या मधे सहा वर्षांच्या जुळ्या बहिणी, थोरली बबिर्ये आणि धाकटी नकातो. उद्या सकाळी कंपालाच्या कोर्टात शेवटची तारीख. न्यायाधीशाची सही झाली की पोरी त्यांच्या. नवराबायकोने या दिवसासाठी तीन वर्षं वाट पाहिली होती. म्हणून आज सहल. सरोवरावर जायचं, मासे खायचे, फोटो काढायचे.

"कोणी मागे लागलंय का आपल्या?" वेंडीने विचारलं.

"छे हो! इकडचे पोरगे अशाच गाड्या हाकतात," परपेचुआ हसून म्हणाली. मग सेमाकुलाला आपल्या भाषेत म्हणाली, "दारुडा आहे मेला. पोटात दारू गेली की पोरी आठवतात. उद्या कोर्टात जाऊन बोंबलला तर सगळं मुसळ केरात."

वेंडीला यातलं अक्षर कळलं नाही. पण तिने दोन्ही पोरींना जवळ ओढलं आणि काठापर्यंत सोडलं नाही.

काठावर फाटकाच्या आत माशांच्या टपऱ्या होत्या. सेमाकुला आठवडाभर यांची गाडी चालवत होता, आणि पोरींचा त्याला लळा लागला होता. तळलेला मासा आला तसा त्याने स्वतः वाढायला घेतला. आधी थोरलीला, मग धाकटीला, आणि तुकडे अगदी सारखे. एकीला जास्त दिलं तर दुसरी रुसते, आणि जुळं रुसलं की घरात दुखणं शिरतं, हे त्याने वेंडीला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. बिचारी तेव्हापासून सगळं जोडीनं घेत होती. झगे दोन, बूट दोन, बाहुल्याही दोन.

"नकातो, लिंबू पिळू का गं?"

पोर पाण्याकडे बघत राहिली. परपेचुआने तिला कोपराने ढोसलं, तेव्हा कुठे तिने मान हलवली.

"कान फुटलाय तिचा," परपेचुआ म्हणाली. "त्या बाजूनं कमी ऐकू येतं."

बबिर्येने घास तोंडात घातलाच नव्हता. सकाळपासून ती कुणाशी चकार शब्द बोलली नव्हती.

तेवढ्यात फाटकापाशी मोटारसायकल थांबली. एक हडकुळा माणूस उतरला. अंगात धुतलेला सदरा, हातात घट्ट गुंडाळलेली पिशवी.

परपेचुआ ताडकन उठली. "मी पोलिसाला आणते. तोवर त्याला पोरींजवळ फिरकू देऊ नकोस! सुरा असेल त्या पिशवीत." आणि टपऱ्यांच्या मागून ती जवळजवळ पळतच गेली.

सेमाकुला वाटेत उभा राहिला. मागे कर्टिसने खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. माणूस दहा पावलांवर थांबला.

"वाट सोड, भाऊ. सालोंगो आहे मी."

जुळ्यांच्या बापाला सगळे सालोंगो म्हणतात. त्याला दारातून हाकललं तर आपल्याच घराला लागतं, हे सेमाकुलाला लहानपणी आईने शिकवलेलं. आणि माणसाच्या तोंडाला दारूचा वासही नव्हता.

"न्यायला आलास का?"

"कुठं नेऊ? बायको गेली. माझ्या छातीचं हे असं. मीच अंगठा दिला ना कागदावर." त्याला खोकल्याची उबळ आली. "पण आठ महिने झाले, ती बाई पोरींचं तोंड बघू देईना. एकदा बघतो, माझ्या आईने ओवलेल्या माळा बांधतो आणि जातो. या लोकांना एवढंच सांग, दोघींची ताटातूट करू नका. दुसरं काही मागत नाही मी."

त्याने पिशवी उलगडली. आत मण्यांच्या दोन बारक्या माळा होत्या. सेमाकुलाने सगळं इंग्रजीत सांगितलं. वेंडी रडायलाच लागली. "नाही करणार म्हणावं, कधीच नाही," ती म्हणाली. कर्टिसने एकदा फाटकाकडे पाहिलं आणि मान डोलावली.

"बाबा!" बबिर्ये किंचाळली आणि धावत जाऊन त्याच्या कमरेला बिलगली.

तो खाली बसला. त्याने थोरलीच्या मनगटाला माळ बांधली आणि तिचे डोळे पुसले. दुसरी पोर हळूच पुढे आली, बहिणीशेजारी उभी राहिली आणि तिनेही हात पुढे केला. कर्टिसने फोटोसाठी फोन वर धरला.

फाटकाकडून परपेचुआ पोलिसाला घेऊन धावत येत होती. "थांबा! आधी थांबवा त्याला!" ती ओरडत होती.

माणसाने त्या पोरीच्या गालावरून हात फिरवला. "गुणाची गं बाय. तुझेही बाबा येतील हं." मग दुसरी माळ हातात धरून त्याने गाडीकडे पाहिलं आणि सेमाकुलाला म्हणाला, "आता नकातोला आण ना, भाऊ. गाडीत झोपलीय का?"