जबाब जुळत नाही

"रात्री भिंतीकडच्या बाजूला कोण झोपतं?" अधिकारी बाईंनी विचारलं.

"धाकटी मुलगी," दिएप म्हणाली. "मग मी. कडेला तो."

बाईंनी लिहून घेतलं. वास्तव्याचा परवाना देण्याआधी लग्न खरं आहे ना, हे नवरा-बायकोला वेगवेगळं विचारून तपासत. काल रात्री जेवायला काय होतं? भात, कालवांचं सार आणि रताळ्याचा पाला. सासूबाईंना कोण भरवतं? मीच. अंगावरून वारं गेलंय त्यांच्या. नवरा घोरतो का? घोरतो. दिएप धडाधड उत्तरं देत होती. व्हिएतनामहून लग्न करून ती तैवानच्या या किनाऱ्यावर आली, त्याला बारा वर्षं झाली होती. आता कायमच्या वास्तव्याचा परवाना मिळाला, की दर खेपेला मुदत वाढवताना नवऱ्याच्या सहीसाठी अडून राहायला नको. युंग-चांग तिच्याहून बराच मोठा, त्यात छातीचं दुखणं. उद्या त्याचं काही बरंवाईट झालं तर आपल्याच मुलींजवळ राहायला तिला कुणाच्या पाया पडावं लागू नये, एवढंच तिला हवं होतं.

"गेल्या वाढदिवसाला नवऱ्यानं काय दिलं?"

"काही नाही."

"नीट आठवून सांगा."

"आठवायचं काय त्यात? ओहोटी पहाटेची होती. आम्ही दोघं कालवं काढायला गेलो होतो. घरी आलो आणि झोपलो."

बाईंनी तेही लिहिलं आणि तिला बाहेर बसवलं. मग युंग-चांग आत गेला. त्यानं लग्नकार्यातला शर्ट घातला होता, गळ्यापर्यंत बटणं लावून. थोड्या वेळानं तिलाही आत बोलावलं, तेव्हा तो मान पुसत होता.

"जबाब जुळत नाही," बाई म्हणाल्या. "हे म्हणतात, वाढदिवसाला सोन्याची साखळी दिली. तुम्ही म्हणता, काही नाही."

दिएपनं नवऱ्याकडे पाहिलं. त्याचे कान लालभडक झाले होते.

"कधी दिलीस रे मला साखळी?"

"अगं, सरकारी माणसासमोर काय सांगणार?" तो पुटपुटला. "बायकोला काही दिलं नाही म्हणून सांगू? लाज वाटली."

दुसरीकडे कुठं असती तर ती पोट धरून हसली असती. "लाजला हो तो, मॅडम," ती म्हणाली. "दुसरं काही नाही."

"होतं असं." बाईंनी एक कोरा कागद पुढे सरकवला. "तुम्ही इथं लिहून द्या, की साखळी मिळाली होती, पण सांगायला विसरले. म्हणजे जुळेल."

"पण मिळालीच नाही ना!"

"नागरिकाचा जबाब आम्ही मूळ धरतो. दुरुस्ती अर्जदारानं करायची असते."

दिएपची कानशिलं तापली. खोटं बोलला तो, आणि विसरभोळी ठरायची तिनं. सासूचं अंथरूण रोज धुताना कुणी तिचा जबाब घ्यायला आलं नव्हतं.

"दोन मुली आहेत आम्हाला," ती म्हणाली. "त्यांना बोलवा. त्यांना विचारा."

"मुलं आहेत म्हणून लग्न खरं, असं आम्ही धरत नाही."

"मुली खऱ्या नाहीत, आणि साखळी खरी?"

"आवाज चढवू नका. तुमच्याच भल्याचं सांगतेय. सही केलीत, तर आज मोकळ्या व्हाल."

"कर की," युंग-चांग हळूच म्हणाला. "सहीच तर आहे. आपलं काय जातंय?"

"आपलं नाही. माझं जातंय."

तिनं पेन उचललं नाही. हात मांडीवर ठेवून ती नुसती बसून राहिली. युंग-चांगनं एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा कागदाकडे. मग तो उठून उभा राहिला. एरवी गावच्या प्रमुखापुढेही ज्याच्या तोंडून शब्द फुटायचा नाही, तो माणूस खाकरला.

"मॅडम, माझाच जबाब बदला. मी खोटं बोललो. बारा वर्षांत मी हिला काहीसुद्धा दिलेलं नाही. साखळी नाही, साधं फूलसुद्धा नाही. लिहा तसं."

"मूळ जबाबच खोटा म्हणून लिहिला, तर अर्ज बाजूला पडेल," बाई म्हणाल्या. "पुढच्या वर्षी सगळं पहिल्यापासून. विचार करा."

युंग-चांगनं बायकोकडे पाहिलं.

"लिहू दे," दिएप म्हणाली.

बाईंनी लिहिलं. त्यानं खिशातून सहीऐवजी वापरायची आपल्या नावाची मोहोर काढली, लाल शाईत बुडवली आणि कागदावर दाबून धरली. बाईंनी मजकूर एकवार वाचला.

"हा कागद वाचून कुणीही म्हणेल, हे लग्न नावापुरतं आहे."

"म्हणू दे," युंग-चांग म्हणाला, आणि त्यानं बायकोची पिशवी उचलली.

परतताना बाजारपेठेत त्यानं टेम्पोचा वेग कमी केला. उजव्या हाताला सोनाराचं दुकान होतं, काचेत दिवे लागले होते.

"थांबू का?" समोर बघतच त्यानं विचारलं. "खरंच घेतो तुला एक."

दिएपनं दुकानाकडे पाहिलं. साखळ्या होत्या, नाजूक, तिला आवडल्या असत्या अशा.

"नको," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी माझा गळा बघून ती बाई म्हणेल, आता जुळलं."