पिठ्याची काळजी

"उजवीकडची तार अजून उघडी आहे," कॅमेऱ्यातून प्रशांतचा आवाज आला.

मेघनाने कंदिलाची तार प्लास्टिकच्या नळीत सरकवली. लग्नापूर्वी ती शाळेत भौतिकशास्त्र शिकवत असे. दोनशे तीस व्होल्ट सशाचे काय करतात, हे तिला सांगावे लागत नव्हते.

"कण्हेरीची फुलं?"

"वर ठेवली."

"विषारी असतात. पिठ्याला काही झालं तर बघ हं!"

पिठ्या प्रशांतचा लाडका पांढरा ससा. त्याच्यावर लक्ष राहावे म्हणून कॅमेरा. तो निसटू नये म्हणून प्रशांत ऑफिसला जाताना दाराला बाहेरून कुलूप. दुसरी किल्ली शेजारच्या सुहासिनीकाकूंकडे. मेघनाचा मोबाइल गणपतीपासून दुरुस्तीला. प्रत्येक कारण सुटे घेतले तर पटण्यासारखे होते. सगळी एकत्र केली की डोंबिवलीतल्या त्या घराला दार उरत नव्हते.

"दिवाळीत आईकडे जाऊन येऊ? मोहने गावाला?"

"आणि पिठ्याकडे कोण बघणार? तुझी आई?"

अर्धवट खाल्लेले केळे हातात घेऊन मेघना शेल्फपाशी गेली.

"कॅमेऱ्यामागे काय करतेस?"

"धूळ पुसतेय."

मग तिने पिठ्याला कोथिंबीर घातली. प्रशांत घरी असला की तो कोपऱ्यात अंग आखडून बसे. आता जुडी संपवून तो घरभर हुंगत हिंडू लागला.

दुपारी कॅमेऱ्याचा हिरवा दिवा विझला.

काही वेळाने कुलूप वाजले. सुहासिनीकाकू फोन कानाला लावूनच आत आल्या. "प्रशांत म्हणतोय, कॅमेरा बंद पडला, जरा बघा... अगं बाई!"

शेल्फखाली कुरतडलेली तार होती. तिच्याशेजारी पिठ्या कुशीवर पडला होता, चारही पाय ताणून.

"अरे प्रशांत, तुझ्या सशाला करंट बसला रे!"

फोनमधला आवाज दारापर्यंत ऐकू आला. "ती बघत काय बसलीय? म्हणावं, दवाखान्यात पळ! काकू, रिक्षाला पैसे द्या तिला!"

मेघनाने पिठ्याला टॉवेलात गुंडाळले आणि जिना उतरली.

"कुठला दवाखाना, ताई?" रिक्षावाल्याने विचारले.

"दवाखाना नको. मोहन्याला घ्या."

टॉवेल हलला. झोपमोड झालेल्या पिठ्याने डोके बाहेर काढले आणि तो तिची बोटे चाटू लागला; कॅमेऱ्याच्या पाच व्होल्टच्या तारेला चोळलेल्या केळ्याचा वास त्यांना अजून येत होता.