घोडे दिसणारी बंदूक

टेक्सासमधल्या बंदुकांच्या दुकानात तुषारने दोन दुनळी बंदुका समोर मांडून घेतल्या होत्या. काउबॉय नेमबाजीची त्याची पहिलीच स्पर्धा जवळ आली होती. एकीचे घोडे बाहेर होते. प्रत्येक बार उडवण्याआधी ते अंगठ्याने मागे ओढावे लागत. दुसरीचे घोडे आत होते. काडतुसं भरायला ती उघडून मिटली की ते आपोआप चढत.

"ही घेतो. वेळ वाचेल," तो दुसरी उचलत म्हणाला.

"घोडे दिसतात ती घे," राधानगरीहून आलेले वडील म्हणाले.

"ती घेतली तर हरेन, बाबा."

"हर."

तुषार हसला. वडील हसले नाहीत.

"एकोणीस वर्षांचा होतो. डुकराच्या शिकारीला गेलो होतो," ते म्हणाले. "माझ्या हातात अशीच, आतल्या घोड्यांची बंदूक होती. घोडे चढलेत हे दिसलंच नाही. कुंपण ओलांडताना बार उडाला. पुढे अनंता होता."

अनंताकाकांना रानडुकराने मारलं, असंच तुषारने लहानपणापासून ऐकलं होतं. त्याने हातातली बंदूक खाली ठेवली.

"आजीला माहीत होतं?"

"तिनेच प्रेताशेजारी बसून मला शिकवलं, काय सांगायचं ते," वडील म्हणाले. "म्हणाली, एकाच दिवशी दोघा पोरांना कशी घालवू?"