सुरणाचं फूल

"कुठी हाये तो वास?" मोटरसायकल उभी करायच्या आधीच शंकरसिंगनं विचारलं.

वनरक्षक शंकरसिंगचं डोकं सकाळपासून फिरलेलं होतं. मुकुटबनकडच्या जंगलातली वाघीण नऊ दिवस एकाही कॅमेऱ्यात आली नव्हती. आठवड्यात तिचा पत्ता लाव, नाहीतर निलंबन, असं वरच्या साहेबानं बजावलेलं. तेव्हापासून कुठं घाण सुटली की लोक यालाच फोन लावत. परवा मेलेलं डुक्कर निघालं, काल कुत्रं. आज धावजीच्या शेताचा धुरा, म्हणजे बांध.

म्हातारा धावजी निवांत पुढं चालला. धुऱ्यावर सागाच्या सावलीत जमिनीतून जांभळं फूल वर आलेलं, त्यावर माश्यांचा नुसता गोंगाट.

"सुरण फुललं, साहेब."

शंकरसिंगनं कपाळावर हात मारला. "अरे बाप्पा! याच्यासाठी मले वीस किलोमीटर पळवलं?"

"मी कुठी फोन केला? कोन्या गुराख्यानं केला असन."

"लय लबाड फूल हाये हे," नाकाला रुमाल लावत शंकरसिंग म्हणाला. ट्रेनिंगमध्ये शिकलेलं त्याला कुठंतरी ओकायचंच होतं. "मेलेल्या जनावराचा वास सोडते. माशी फसते, अंडे घालते. पर खायले मांस कुठी हाये? अळी निंगते अन् उपाशी मरते. एक बी मोठी होत नाही."

"तुमी शिकलेले, साहेब."

फुलाभोवतीची माती भुसभुशीत दिसत होती.

"डुकरं उकरतेत," धावजीनं न विचारताच सांगितलं. "म्या माती लोटली वापस."

डुकरांचा वैताग काही खोटा नव्हता. गेल्या साली कापूस बोंडअळीनं खाल्ला, यंदा पेरलेली सरकी डुकरं फस्त करत होती.

"अन् डुकरांसाठी लावलेली ते करंटची तार?"

"काढली ना! तुमीच तं रागावलते."

तार खरंच काढलेली होती. गोठ्याच्या खुंटीला गुंडाळून टांगलेली. चला, तालुक्यात एक तरी माणूस आपलं ऐकतो, असं शंकरसिंगला वाटलं.

फुलाभोवती चार-पाच कोंबड्या पायानं माती उकरून टिपत होत्या. धावजीची बायको हंसाबाई त्यांना सारखी हुसकत होती, अन् त्या पुन्हा तिथंच येत होत्या.

गार्ड आला की कोंबडी द्यायची, ही गावाची जुनी रीत. हंसाबाई घरातून एक मरतुकडी घेऊन आली.

"हे काय पिसंच देतं का मले?" शंकरसिंग भडकला. "ते तांबडी दे, फुलापाशी हाये ते."

"ते नोका नेऊ, साहेब. दुसरी देतो ना," हंसाबाई म्हणाली.

"काहून? तेच पाह्यजे!"

हंसाबाईनं धावजीकडं पाहिलं. एका कोंबडीसाठी बाईचा जीव किती अडकतो, असं चरफडत शंकरसिंगनं तांबडी स्वतःच धरली आणि पाय बांधून हँडलला लटकवली.

संध्याकाळी घरी बसून त्यानं अहवाल लिहिला: सुरणाचे फूल. मृत जनावर नाही. शेतमालकाने तार स्वतःहून काढलेली आहे. सही करणार, तोच अंगणातून त्याची बायको दीपा ओरडली.

"आयकलं का? कुठची आणली हे कोंबडी? पोटात एक दाना नाही!"

"मंग फुगली कायनं एवढी?" तो वैतागून बाहेर आला.

दीपानं कोंबडीच्या गळ्यातली पिशवी चिरून ताटलीत उपडी केली. ताटलीभर अळ्या होत्या, पांढऱ्या, लठ्ठ, टपोऱ्या.