साचा सरांचा, माल घरचा

“शी सिंग्ज व्हेन शी इज अँग्री,” पंखेवाला उभा राहून म्हणाला आणि सगळा वर्ग हसला.

सर हसले नाहीत. फळ्यावर टेकवलेला खडू तसाच राहिला.

संध्याकाळच्या या इंग्रजीच्या क्लासात सरांची एक पद्धत होती. नियमांची घोकंपट्टी नाही. वाक्याचा साचा सर द्यायचे, त्यात भरायचा माल ज्याने त्याने आपल्या घरचा आणायचा, आणि तोही खरा. थाप मारणाऱ्याला तासभर उभं राहावं लागे. “रोज तोंडात येतं तेच खरं इंग्रजी,” असं सर छाती फुगवून सांगायचे. शिंपी, नर्स, टॅक्सीवाले दिवसभर राबून त्यांच्या बाकांवर येऊन बसायचे ते यासाठीच. त्या दिवशीचा साचा रोजच्या सवयींचा होता. ती असं करते, तो तसं करतो.

राग आला की गाणारी एक बाई सरांना चांगली माहीत होती. अशा बायका काही पैशाला पासरी मिळत नाहीत.

“आणखी एक सांग,” सर म्हणाले.

“शी नेव्हर फिनिशेस हर टी. शेवटचा घोट कपात ठेवतेच, सर. कितीही सांगा.”

त्या घोटावरून सरांनी स्वतः किती कटकट केली होती!

पंखेवाला म्हणजे पंखे आणि पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणारा माणूस. हाताला कायम ग्रीस, तोंडावर कायम हसू. परदेशातल्या एका कारखान्यात त्याला नोकरी मिळत होती, राहायला घरही देणार होते. इंग्रजी येतं असा सरांच्या सहीचा दाखला तेवढा हवा होता. आजवर सरांचा तो लाडका होता. त्या दिवसापासून त्याचा भांगसुद्धा सरांच्या डोळ्यांत खुपू लागला.

योगायोग असेल, असं त्यांनी मनाला बजावलं. पुढच्या तासाला मात्र मुद्दाम ‘हॅज’चा साचा घेतला. कुणाकडे काय आहे ते सांगायचं. आणि आधी पंखेवाल्यालाच उठवलं.

“शी हॅज अ स्मॉल स्कार बिहाइंड हर इअर.”

कानामागचा लहानसा व्रण. केस उचलल्याशिवाय तो दिसत नाही, आणि बाईचे केस कुणी उगाच उचलत नाही. सरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“व्हेरी गुड,” ते म्हणाले. “आता सगळ्यांनी सांगा, या क्षणी घरी काय चाललंय?”

नर्सचा मुलगा अभ्यास करत होता. शिंप्याची आई भाजी चिरत होती.

“शी इज वेटिंग फॉर मी,” पंखेवाला घड्याळाकडे बघत म्हणाला.

“नशीबवान आहेस बाबा,” शिंपी म्हणाला. “आमची बायको ताट झाकून घोरत असते.”

डोकं दुखतंय म्हणून सरांनी क्लास लवकर सोडला आणि जवळजवळ धावतच घर गाठलं. ती घरी नव्हती. त्यांनी दिवे लावले, तिच्या खोलीच्या लोटलेल्या दारापाशी थोडा वेळ उभे राहिले, मग स्वतःच चहा करून घेतला. जाब विचारायला समोर माणूस तर हवं! तसंही दोघांचं बोलणं केव्हाच तुटलं होतं. दोष कुणाचा, याबद्दल सरांचं मत पक्कं होतं. कुठे गेली होतीस, कुणाशी हसत होतीस, एवढं साधं विचारलं तरी बाईसाहेब गायला लागायच्या.

शेवटच्या तासाला पुढच्या बेतांचा साचा होता.

“वुई आर गोइंग टु लीव्ह,” पंखेवाला म्हणाला. “शी इज गोइंग टु सी द सी. तिने अजून समुद्र पाहिला नाही, सर.”

समुद्र दाखवा म्हणून ती सरांच्याही किती मागे लागली होती. सर म्हणायचे, बघू. आणि आता हा ग्रीसचा डबा तिला समुद्र दाखवणार. ती एकदा गेली की कायमची गेली, हे सरांना लख्ख दिसत होतं. आणि सगळं अडलं होतं त्यांच्या एका सहीवर.

“तुला दाखला मिळणार नाही,” वर्ग रिकामा झाल्यावर ते म्हणाले. “अजून कच्चा आहेस.”

पंखेवाल्याचं हसू मावळलं. “सर, असं नका करू. या आठवड्यात कागद गेले नाहीत तर नोकरी हातची जाईल. काय चुकलं तेवढं तरी सांगा.”

“पुढच्या वर्षी ये.”

पण तेवढ्याने सरांचं पोट भरेना. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय जिवाला चैन पडणार नव्हतं. रविवारी दुपारी ते पंखेवाल्याच्या दुकानापाशी जाऊन थडकले. शटर खाली होतं. वरच्या मजल्यावर तो राहत होता आणि तिथून गाण्याचा आवाज येत होता. गळा तिचाच. आणि ती भलतीच रागावलेली होती.

सर धापा टाकत जिना चढले आणि दारावर मूठ आपटली. गाणं थांबलं. दार तिनेच उघडलं.

“सापडलीस!” सर ओरडले. “किती दिवस चाललंय हे?”

ती दचकली नाही, की लाजली नाही. तिने सरांना खालून वर नीट पाहून घेतलं, ओले हात फडक्याला पुसले आणि आत वळून हाक मारली.

“अहो, जरा बाहेर या. तुमचा दाखला का अडला ते कळलं. तुमचे हे सर म्हणजे माझा पहिला नवरा!”