चेअरमनची खुर्ची

"कापा!" नाथाजी म्हणाला. "चेअरमनसाबांची एक सोडून बाकीच्या समद्या खुर्च्यांचं पाय वीत-वीत कापा."

कोंडीबा सुताराला वाटलं, गडी थट्टा करतोय. दुष्काळानं रखडलेली विद्यापीठाची इमारत यंदा कशीबशी पुरी झाली होती, आणि उद्या सकाळी उद्घाटन. वरच्या खोलीत गोल टेबलाभोवती खुर्च्या मांडून झालेल्या, पॉलिशचा वास अजून येत होता. मुंबईच्या आर्किटेक्टनं कागदावर काढून दिलेल्या ह्या खुर्च्या, बिनहाताच्या, वेतानं विणलेल्या. कोंडीबानं पावसाळाभर खपून त्या केल्या. सगळ्या एकसारख्या. आर्किटेक्टनं बजावलंच होतं, ह्या खोलीत लहान-मोठं कुणी नाही.

पण हे साखर कारखान्याच्या चेअरमनला, भाऊसोंना, कोण सांगणार? ते संध्याकाळी खोली बघून गेले, आणि जाता जाता एवढंच म्हणाले, "ह्यातली आमची कुठली?" झालं! त्यांच्या सेक्रेटरीच्या, ह्या नाथाजीच्या, पायाखालची वाळू सरकली.

"आवं, त्यांच्या खुर्चीखाली ठोकळं लावतो की," कोंडीबा म्हणाला.

"खुळा का शाणा तू? चेअरमनला ठोकळं लागलं म्हनून लोक हसतील. त्यांची वाढवायची न्हाई, बाकीच्यांची उतरवायची!"

आता ह्याला काय म्हणावं! एका माणसाच्या बुडाच्या मानासाठी चांगल्या खुर्च्या लंगड्या करायच्या, आणि विद्यापीठाचा रजिस्ट्रार शेजारी मूग गिळून उभा. म्हणे शिकलेला माणूस!

"माझा हात तोडा," कोंडीबा ओरडला, "पर मी करवत लावनार न्हाई. पोटच्या पोराचा पाय कुनी कापतंय व्हय?"

"नगं लावू. सांगलीत दुसरं सुतार लय हाईत. वाकडंतिकडं कापतील, आमचं काय जातंय?"

दुसऱ्यानं कापल्या तर खुर्च्या डुगडुगणार, आणि लोक म्हणणार, कोंडीबाचं काम. कोंडीबानं एक शिवी हासडली, करवत काढली आणि स्वतःच कापायला बसला. चहा करणारी दगडाबाई दारातून बघत होती. पडलेले तुकडे तिनं ओच्यात भरले आणि खाली घेऊन गेली.

सकाळी हार झाले, भाषणं झाली. मग मंडळी गोल टेबलाला बसली. भाऊसो ऐसपैस, आणि भोवतीनं एवढाले प्राध्यापक, हनुवट्या टेबलाला टेकून, मिठाईच्या दुकानापुढं पोरं उभी राहतात तसे. सत्काराचा नारळ घ्यायला कोंडीबालाही बोलावलं होतं. मिळालेला नारळ खिडकीत ठेवून तो कोपऱ्यात उभा होता.

दगडाबाईनं सगळ्यांना चहा दिला. भाऊसोंनी घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"चहाला कसला वास येतोय गं?"

"पॉलिशचा," दगडाबाई म्हणाली. "ह्या समद्या सायबांच्या खुर्च्यांचं पाय चुलीत घातल्यात."

रजिस्ट्रार बशीकडे बघत बसला. भाऊसो मात्र खो खो हसले.

"मग हरकत न्हाई. फक्कड झालाय. प्या, प्या!"

आणि सगळे प्याले. कोंडीबानं मात्र आपला भरलेला कप तसाच नारळाशेजारी खिडकीत ठेवला आणि जिना उतरून चालता झाला.