सोपा खेळ नको

“आई, नवख्यानं हा ऑनलाइन खेळ घ्यावा. मासे पकडायचे, घर बांधायचं,” यूलिमार म्हणाली. “तुझा भाऊ यात असतो?” “तो त्या अवघड खेळात. तिथं पहिलाच लांडगा तुला खाईल!” “खाऊ दे. तोच लाव.” व्हेनेझुएलातल्या त्यांच्या माराकाइबोत आईचा आशीर्वाद मागितल्याशिवाय कुणी उंबरा ओलांडत नाही. मुलगा बापाशी भांडून, न मागताच लीमाला गेला होता. आईचाही फोन उचलत नव्हता. तिनं टोपणनावाऐवजी स्वतःचंच नाव घातलं, निल्सा देल कार्मेन. “अगं, खरं नाव घालतात का!” लेकीनं हसत तिला भावाच्या नेहमीच्या पुलावर नेलं. लांडग्यानं गाठलंच. चिलखतातल्या योद्ध्यानं त्याला आडवं केलं. तिचं नाव वाचून त्यानं शिरस्त्राण उतरवलं. पडद्यावर उमटलं, “आशीर्वाद दे, आई.” “उत्तर मी लिहू?” लेकीनं विचारलं. “नको.” ती एका बोटानं अक्षरं शोधत राहिली. या वेळी पोरगा थांबला होता.